कंधारे सरांचा ‘ग्रीन’

सुदाम कंधारे यांचं माझ्याशी कधी भांडण झालं नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ते मला ‘मॅडम’ म्हणत राहिले आणि मी खोलीत आले की खुर्चीतून अर्धे उठत राहिले. तरी सात वर्षं मला तो माणूस सहन झाला नाही.

मी इंग्रजीची एम.ए. माहेर नारायण पेठेतलं. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घरीही शिकवायचे. वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने, न अडखळता वाचल्याशिवाय सकाळचा चहा मिळत नसे. ‘व्ही’ म्हणताना दात ओठाला लागले पाहिजेत आणि ‘डब्ल्यू’ म्हणताना लागता कामा नयेत, हे मला बाराखडीच्या आधी आलं असावं. वीस वर्षं एका शाळेत शिकवल्यावर मी कोथरूडमधल्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये शिकवू लागले. क्लास पोतनीस सरांचा. खाली औषधांचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या. कोणी नवा शिक्षक घ्यायचा झाला तर त्याचा पहिला तास मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. मग पोतनीस विचारायचे, “काय म्हणता, अंजलीताई?” मी मान हलवली की तो माणूस राहायचा.

कंधारे आले ते एका शनिवारी. पन्नाशीला टेकलेले, पांढरा शर्ट, पायात चपला, बगलेत बुटांचा रिकामा खोका दोरीने बांधलेला. मला वाटलं औषधांच्या दुकानात आलेला माणूस चुकून जिना चढला.

“काहीही शिकवा. वीस मिनिटं,” पोतनीस म्हणाले.

कंधाऱ्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ग्रीन’ लिहिलं आणि विचारलं, “अर्थ काय?”

“हिरवा,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“मग झालं. घरी जावा,” असं म्हणून ते खरंच खाली बसले. पोरं हसली. मग ते उठले. “पण माझी एक अडचण हाय. परवा एक साहेब फोनवर सांगत होते, प्रोजेक्टला ग्रीन लाइट मिळाला. मी आजूबाजूला पाहिलं. दिवा कुठंच नव्हता.”

“परवानगी मिळाली, सर,” कोणीतरी म्हणालं.

“म्हंजी आपला हिरवा कंदील. बरं. नाटकवाले ग्रीन रूममध्ये बसतात. ती खोली हिरवी असते का? आणि माझी आई जमिनीत काडी खोचायची तरी तिला पालवी फुटायची. इंग्रज म्हणाला असता, या बाईची बोटं ग्रीन आहेत. का म्हणाला असता?”

वीस मिनिटांची पन्नास झाली. घड्याळाकडे पाहिलं ते फक्त मी. माझ्या वहीत त्यांच्या अकरा चुका लिहिलेल्या होत्या. ‘व्हेजिटेबल’ या शब्दाचे त्यांनी चार तुकडे करून चारही नीट मांडून ठेवले होते.

“काय म्हणता, अंजलीताई?”

“उच्चार सुधारायला हवेत.”

“ते तुम्ही सुधारा की,” पोतनीस म्हणाले, आणि कंधारे राहिले. मी मान हलवली होती की नाही, ते कोणी पाहिलंच नाही.

त्यांची हकिकत मला त्यांच्याकडून कळली नाही, विद्यार्थ्यांकडून कळली. ते सूसचे. सूस तेव्हा गाव होतं, आता पुण्यातच आलं. घरची भातशेती भावांनी मिळून बिल्डरला दिली. कंधारे त्या वेळी पेठेत एका रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या यंत्रावर होते. एका रविवारी गावी गेले तर त्यांच्या खाचराच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि वर भलामोठा इंग्रजी फलक. त्यातला पहिला शब्द त्यांना वाचता आला, कारण तो दुकानातल्या शेडकार्डांवर रोज दिसायचा. ग्रीन. पुढचं काही लागेना. त्यांनी रखवालदाराला विचारलं, “काय लिहिलंय रे?” तो बिहारकडचा. म्हणाला, “पता नहीं. आप कौन?”

हे ते वर्गात सांगायचे तेव्हा आवाजात कडवटपणा नसायचा, असं पोरं म्हणायची. “हिरवं होतं तोवर त्याला नाव नव्हतं,” एवढं म्हणायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत बुधवार पेठेत जाऊन पुठ्ठा निघालेला एक जुना शब्दकोश आणला आणि ‘ग्रीन’ काढलं. तिथे दीड पान भरून अर्थ. ते वाचायला त्यांना महिना लागला. पुढे बारावी, मग बाहेरून बी.ए., सगळं दुकान सांभाळून. पण अभ्यासाची पद्धत तीच राहिली. एक शब्द, एक महिना.

खोक्यात काय असायचं ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दुकानातली बाद झालेली शेडकार्डं. पुढच्या बाजूला रंगांच्या पट्ट्या, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर एक वाक्प्रचार, त्याचा अर्थ, आणि खाली तो कोणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव आणि जागा. ‘आर्किटेक्ट, दुकान.’ ‘बसमधली मुलगी, डेक्कन.’ ‘दातांचे डॉक्टर.’ पुस्तकातून घेतलेला शब्द असला तर तसं लिहून ठेवायचे आणि ते कार्ड वेगळ्या कप्प्यात. कोणी तो प्रत्यक्ष बोललेला ऐकू आला की मगच मुख्य कप्प्यात यायचं.

“असं का?” मी एकदा विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं नव्हतं. मला त्यात काहीतरी हास्यास्पद सापडायला हवं होतं.

“छापलेला शब्द कसा बोलायचा ते कळत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “रागानं का प्रेमानं. माणूस बोलला की कळतं.”

त्यांच्या सवयी साध्या होत्या. वर्गात येण्याआधी चपला बाहेर काढायचे, त्यामुळे त्यांचा वर्गही काढायला लागला. माझ्या वर्गात सगळे बूट घालून बसत. दोन वर्ग समोरासमोर. माझा तास संपला की मी बाहेर येऊन त्यांच्या दारापुढच्या चपला मोजायचे. हे सांगायला लाज वाटते, पण मोजायचे. माझ्या पटावर बावीस नावं होती आणि त्यांच्या दारापुढे चाळीसच्या पुढे जोड. त्यांतले दोन-तीन बूट मला ओळखीचे वाटायचे, कारण अर्ध्या तासापूर्वी ते माझ्या वर्गात होते.

विद्यार्थी चुकला तर ते लगेच दुरुस्त करत नसत. पूर्ण बोलू देत. मग म्हणत, “कळलं मला. आता हेच इंग्रजाला कळेल असं सांग.” माझ्याकडे कोणी चुकला की मी वाक्याच्या मधेच थांबवायचे. मला तसंच शिकवलं होतं. अर्धं चुकीचं वाक्य पूर्ण झालं तर ते डोक्यात घट्ट बसतं, असं वडील म्हणायचे. आजही मला ते पटतं. फक्त माझ्या वर्गात पोरं दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नसत.

वैशाली नावाची एक मुलगी होती. वर्ध्याकडची, इथल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका. सहा महिने ती माझ्याकडे होती. व्याकरण चोख, पण तोंड उघडायची नाही. मग तिने पोतनिसांकडे जाऊन बॅच बदलून मागितली. त्या महिन्यात कंधाऱ्यांचा ‘ग्रीन’ चालू होता. दर वर्षी एकदा तो असायचाच. मी पाण्याच्या पिंपापाशी उभी होते आणि आतलं ऐकू येत होतं.

“इंग्रज म्हणतो, मी हेव्यानं ग्रीन झालो. आपल्याकडं हेवा वाटला की काय होतं?”

“पोटात दुखतं.”

“जळतं.”

“तिळपापड होतो.”

“रंग कोणता?”

मग वैशालीचा आवाज आला. “सर, पेशंटला पित्त झालं ना, मळमळ सुटली, की त्याचं तोंड हिरवट दिसते.”

“वा,” कंधारे म्हणाले. “आता हेच इंग्रजाला सांग.”

आणि ती बोलली. चार वाक्यं, अडखळत, दोन चुकांसह. सहा महिन्यांत माझ्यासमोर तिने चार वाक्यं सलग उच्चारली नव्हती. मी पेला भरून घेतला आणि पाणी न पिताच पिंपावर ठेवून आले.

दोनेक महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. रुग्णालयात एक परदेशी गृहस्थ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. शस्त्रक्रियेनंतर ते कसनुसं तोंड करून म्हणाले की मला जरा ग्रीन वाटतंय. तरुण डॉक्टर गोंधळला. त्याला वाटलं यांना हिरवं काहीतरी दिसतंय, म्हणून तो डोळे तपासायला गेला. वैशालीने काही न बोलता भांडं पुढे केलं आणि ते अगदी वेळेवर केलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि परदेशी रुग्णांच्या मजल्यावर तिची नेमणूक झाली. ती हे रंगवून सांगत होती आणि सगळे कंधाऱ्यांभोवती. कंधारे नवं कार्ड काढून लिहीत होते, ‘परदेशी पेशंट, वैशालीकडून.’ पेढ्यांचा डबा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात एक अर्धा पेढा होता.

“मॅडम, तुमच्याकडूनच तर ग्रामर शिकली मी,” वैशाली म्हणाली. ती मनापासून म्हणाली, हे मला दिसत होतं. अर्धा पेढा मी खाल्लाही. तो गोड होता म्हणून जास्तच राग आला.

पण याच्यापेक्षा मोठा घाव घरातून बसायचा होता.

माझे यजमान श्रीकांत बँकेतून निवृत्त झालेले. आमचा मुलगा अमेरिकेत, त्याला एक मुलगा, ईशान, चार वर्षांचा, फक्त इंग्रजी बोलणारा. व्हिडिओ कॉल आला की मी बोलायचे आणि श्रीकांत मागे उभा राहून हात हलवायचा. मला वाटायचं त्याला फोनवर बोलायचा कंटाळा आहे. हल्ली तो शनिवारी दुपारी ग्रंथालयात जातो म्हणून बाहेर पडायचा. एका शनिवारी मी विसरलेली पुस्तकं आणायला क्लासमध्ये गेले. कंधाऱ्यांच्या वर्गाबाहेर ओळीने चपला होत्या आणि त्यांत एक जोड कोल्हापुरी, डाव्या पायाचा अंगठा शिवलेला. तो अंगठा मीच कर्वे रस्त्यावरच्या चांभाराकडून शिवून आणला होता.

मी आत गेले नाही. घरी आले, स्वयंपाक केला, वाट पाहिली.

“ग्रंथालयात काय वाचलंस?”

श्रीकांतने चष्मा काढून पुसला. “बघितलंस का?”

“चप्पल बघितली.”

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “मला ईशानशी बोलायचंय. एकट्याला. लिहिणं मला येतं, चाळीस वर्षं लिहिलं. बोलणं येत नाही.”

“मग मला सांगायचंस. घरात एम.ए. बसलीय.”

“तुझ्यासमोर माझं चुकतं, अंजू,” तो म्हणाला. “तो माणूस चुकू देतो.”

मी ताटं घेतली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

यानंतर महिनाभरातच हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांच्याकडचे स्वागतकक्षातले, वाहतूक विभागातले, सुरक्षेचे लोक, सगळ्यांना परदेशी पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायचं होतं. आमच्या क्लासला असं काम पहिल्यांदाच मिळत होतं. शिक्षक एकच जाणार होता. पोतनीस मला म्हणाले, “तुमच्या दोघांची नावं पाठवतोय. प्रत्येकाबद्दल चार ओळी इंग्रजीत लिहून द्या. तुमच्याबद्दल मी लिहितो, कंधाऱ्यांबद्दल तुम्ही लिहा. तुम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून बघताय.”

मी चार ओळी लिहिल्या. पहिल्या तीन चांगल्या होत्या आणि खऱ्या होत्या. वक्तशीर, विद्यार्थ्यांत प्रिय, कष्टाळू. चौथी ओळ लिहिताना मी थांबले. मला हवा होता तो शब्द लगेच सुचला, आणि सुचला म्हणूनच थांबले. मग लिहिला. ‘सिन्सिअर, बट स्टिल ग्रीन.’ प्रामाणिक आहेत, पण अजून कच्चे आहेत. चार वर्षं शिकवणाऱ्या, बावन्न वर्षांच्या माणसाबद्दल मी हे लिहिलं. खोटं म्हणून कोणी बोट ठेवू शकलं नसतं. मत होतं ते.

कंपनीने मला बोलावलं.

मी जाऊ लागले. आठवड्यातून दोनदा गाडी यायची, दारात उभी राहायची, सोसायटीतल्या बायका बघायच्या. तिथल्या वातानुकूलित खोलीत तीस माणसं माझ्यासमोर गणवेशात ताठ बसायची आणि मी थांबवलं की थांबायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांतली दहाजणं काम आहे म्हणून आलीच नाहीत.

कंधाऱ्यांना पोतनिसांनीच ते कागद दाखवले. वाईट हेतूने नव्हे. त्यांना वाटलं, यांच्याच आवडत्या शब्दाचा वापर आहे, बघून खूश होतील. पोतनीस गणिताचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत एकटी होते. कंधारे आले, खोका टेबलावर ठेवला, एक कोरं कार्ड काढलं, पेनचं टोपण उघडलं.

“मॅडम, एक विचारायचं होतं. राग मानू नका.”

“विचारा.”

“तुम्ही माझ्याबद्दल ‘ग्रीन’ लिहिलंय. त्याचे दोन अर्थ माझ्याकडं आहेत. एक, अजून ताजा, दम असलेला. आपण म्हाताऱ्या माणसाला म्हणतो ना, अजून देठ हिरवा आहे. दुसरा, कच्चा, नवशिका. कार्डावर कुठला घेऊ?”

ते उपहासाने बोलत नव्हते. तसं बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं. मी पेठेत वाढलेय. मी म्हणाले, “पहिला घ्या. ताजा.”

त्यांनी पेन टेकवलं. लिहिलं नाही.

“‘बट’ आहे ना त्याच्या आधी,” ते हळू म्हणाले. “‘अँड’ असतं तर पहिला बसला असता. ‘प्रामाणिक आणि ताजा.’ ‘बट’ म्हटल्यावर पुढं कमीच असतंय. हे तुमच्याच वर्गातल्या पोरांच्या वहीत वाचलं होतं मी. उभयान्वयी अव्ययांचं प्रकरण. चांगलं लिहून दिलंय तुम्ही.”

खालच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते शब्द न शब्द ऐकू आलं.

“दुसराच,” मी शेवटी म्हणाले.

“बरं,” असं म्हणून त्यांनी लिहिलं. अक्षर सावकाश, गोल. मी उलटं वाचलं. ‘कच्चा. नवशिका. अंजली मॅडम, स्टाफ रूम.’ शाई वाळेपर्यंत ते थांबले, मग कार्ड मुख्य कप्प्यात ठेवलं. वेगळ्या कप्प्यात नाही. चहा आला तेव्हा त्यांनी माझा कप आधी माझ्यापुढे सरकवला.

मला वाटलं आता हे वर्गात सगळ्यांना सांगतील. मी असते तर सांगितलं असतं. पुढचे चार दिवस मी विद्यार्थ्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही दिसेना.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा श्रीकांत आपण होऊन म्हणाला, “आज ‘ग्रीन’चा शेवटचा अर्थ झाला. कच्चा माणूस. तुला माहीत असेल.”

“माहीत आहे.”

“उदाहरण स्वतःचंच दिलं त्यांनी. म्हणाले, मला एका कामासाठी कच्चा ठरवलं आणि त्या कामाला घेतलं नाही. पोरं चिडली. कोणी ठरवलं, सर, म्हणून विचारायला लागली. ते म्हणाले, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येणाऱ्या माणसानं. आणि उच्चारांच्या बाबतीत ते खरं आहे, असं म्हणून ‘व्हेजिटेबल’ हा शब्द दहा वेळा स्वतः म्हणून दाखवला. पोरांनी शेवटी टाळ्या वाजवल्या.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “मला कळेना, अशा माणसाला कच्चा कोण म्हणेल.”

माझ्या हातात आमटीची पळी होती. ती मी भांड्यात ठेवली.

“मी,” मी म्हणाले.

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. फक्त जेवायचा थांबला, आणि चाळीस वर्षांत तो जेवताना कधी थांबला नव्हता. मग ताटाकडे बघत म्हणाला, “आता?”

सोमवारी मी पोतनिसांना सांगितलं की मला हिंजवडीचा प्रवास झेपत नाही. कंपनीला स्वतः पत्र लिहिलं की पुढच्या तुकडीसाठी कंधाऱ्यांना घ्यावं, त्यांच्याबद्दलची माझी चौथी ओळ चुकीची होती. ‘चुकीची’ हा शब्द तीनदा खोडला आणि चौथ्यांदा ठेवला. कंधाऱ्यांना यातलं काही सांगितलं नाही. वाटलं, आता बरं वाटेल.

बरं वाटलं नाही. कंधारे हिंजवडीला जाऊ लागले आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या सुरक्षारक्षकांनी त्यांचा तास अर्ध्या तासाने वाढवून मागितला. दुसऱ्या महिन्यात उपाहारगृहातले आचारी येऊन बसू लागले, ज्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांनी पोतनिसांना फोन करून विचारलं, हा माणूस तुम्ही इतके दिवस लपवून का ठेवलात? पोतनीस हे मला हसत हसत सांगत होते. मी हसले. आधी मला कंधाऱ्यांजवळ जे होतं त्याचा हेवा वाटत होता. आता त्यांच्याजवळ जे होतं त्यातलं थोडं मीच हाताने नेऊन दिलं होतं, आणि तरी वाटत होता. चूक सुधारली की मनातलं सगळं स्वच्छ होतं असं म्हणणाऱ्यांना बहुधा कधी सुधारावी लागली नसावी.

घरी मात्र एक गोष्ट झाली. एका रविवारी सकाळी फोन आला आणि मी उठायच्या आत श्रीकांतने तो घेतला. मी पडद्यामागे उभी राहिले. “आय वॉज गोइंग टू मार्केट अँड आय सी वन बिग डॉग,” तो म्हणाला. काळ चुकला होता. माझे ओठ हललेसुद्धा. पलीकडून ईशान ओरडला, “हाऊ बिग, आजोबा?” आणि श्रीकांतने हात पसरून दाखवलं, किती ते. दहा मिनिटं दोघं कुत्र्याबद्दल बोलत होते. मी मध्ये पडले नाही. एवढं मला जमलं.

सात वर्षं झाल्यावर कंपनीने कंधाऱ्यांना कायमचं बोलावून घेतलं. निरोपाच्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं होती. माझं इंग्रजीतलं भाषण निर्दोष झालं, सगळ्यांनी तसं सांगितलं. कंधारे मराठीत दोनच मिनिटं बोलले. निघताना माझ्याजवळ आले. “मॅडम, तुम्ही कंपनीला पत्र लिहिलं होतं, ते मला तिथं गेल्यावर दाखवलं.”

“असं?”

“इंग्रजी फार सुंदर होतं,” ते म्हणाले. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, गेल्या वर्षी, वनाजच्या मेट्रो स्थानकात. सकाळचे अकरा वाजले असतील, गर्दी नव्हती. मी वर पोचून तिकिटासाठी पर्स उघडत होते आणि सहज खाली पाहिलं, तर सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी कंधारे उभे. बरोबर एक बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्यांच्या पत्नी असाव्यात. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जिना वर सरकत होता आणि बाई पाय उचलत होत्या आणि मागे घेत होत्या. कंधारे त्यांना ओढत नव्हते. नुसते शेजारी उभे होते. मग दोघांनी एकदम पाऊल टाकलं आणि वर आले. वर आल्यावर बाई तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. कंधाऱ्यांनी काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि दोघं शेजारच्या जिन्याने पुन्हा खाली गेले.

मी तिकीट काढलं नाही. खांबाशी उभी राहिले. माझ्यापासून पंधरा पावलांवर होते ते. हाक मारता आली असती.

दुसऱ्यांदा वर आले. पुन्हा खाली गेले. तिसऱ्यांदा बाई एकट्याच जिन्यावर चढल्या. कंधारे खालीच थांबले, पिशवी त्यांच्या हातात. बाई कठड्याला धरून, ओठ घट्ट मिटून, सगळा वेळ समोर बघत वर येत होत्या. शेवटच्या पायरीला त्यांचा तोल जातो की काय असं वाटून मी हात पुढे केला. त्याची गरज पडली नाही. त्यांनी पाऊल टाकलं, नीट उभ्या राहिल्या आणि मी समोर होते म्हणून मलाच म्हणाल्या, “आलं की वो मला.”

“हो,” मी म्हणाले. “छान आलं.”

त्या वळल्या आणि खाली बघून हात हलवू लागल्या. कंधाऱ्यांनी पिशवीसकट हात वर केला. त्यांना फक्त त्याच दिसत होत्या.